मला ऐकू आले, असे मी म्हणालो होतो

मी, खेमराज सोमाजी शेंडे, वय एकाहत्तर वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी भंडाऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचा आणि आता औषधे घेण्याचा, राहणार कारधा, तालुका व जिल्हा भंडारा, माझी शेवटची इच्छा माझ्याच हाताने लिहून ठेवतो. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी तसा दाखवला तर तो माझा नव्हे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पोटात गाठ आहे आणि ती वाढते आहे, पण डोके जागेवर आहे.

डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवताना थोडी गंमत झाली. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता माझी भाची प्रतीक्षा हिला विचारले, "यायले समजते का?" मला ओठ वाचता येतात. मी त्यांच्या टेबलावरची चिठ्ठी ओढून वार, तारीख, माझे औषध आणि त्यांच्या भिंतीवरच्या पाटीतील शुद्धलेखनाच्या दोन चुका लिहून दिल्या. त्यांनी दाखला दिला. पाटी अजून तशीच आहे.

मी जन्मतः बहिरा नाही. अकराव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि कान गेले. तोवर माझ्या गावी, अड्याळला, जे कानावर पडले तेवढीच माणसांची बोली माझ्याजवळ शिल्लक आहे. त्यामुळे पुढे कोणी हातांनी बोललेले लिहायची वेळ येते तिथे मी ते त्याच बोलीत लिहितो. माझ्या डोक्यात सगळे तसेच बोलतात, जन्मात एक शब्द न उच्चारलेलेसुद्धा.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मृत बहिणीची मुलगी प्रतीक्षा हिने करावी. ती ऐकणारी आहे, पण लहानपणापासून आमच्यात वाढल्यामुळे तिचे हात चांगले चालतात. मला मूलबाळ नाही. पोस्टात जे काही साठले आहे ते तिचे. त्यातून माझ्या मातीचा खर्च करावा. पेटी साध्या लाकडाची घ्यावी. बँडबाजा लावू नये, त्याचा मला जिवंतपणीही उपयोग नव्हता.

कलम दुसरे. माझा धाकटा भाऊ श्रावण, राहणार अड्याळ, याला काही नाही. वडील गेल्यावर त्याने गावचे घर स्वतःच्या नावावर करून घेतले. तलाठ्यासमोर मला उभे करून तो म्हणाला, "भैरा आहे, मुका आहे, त्याले काही समजत नाही." मी तेव्हा छापखान्यात रोज सोळा पानांचे खिळे जुळवत होतो. तलाठ्याची स्वतःची लग्नपत्रिकाही मीच जुळवली होती. तरी मी मान हलवली आणि सही केली, कारण भावाने खांद्यावर हात ठेवला होता आणि मला तो हात बरा वाटला. घर गेल्याचे मला आता काही वाटत नाही. त्या वाक्याचे अजून वाटते. मी त्याला क्षमा करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, अर्धी जमली आहे. उरलेली त्याने देवाकडून घ्यावी.

कलम तिसरे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी राहिलेल्या हिशेबाच्या बदल्यात मला मराठी खिळ्यांची एक पेटी दिली. तीस वर्षांत मालकांना हातांच्या भाषेतली एकच खूण आली, ती म्हणजे 'लवकर'. ती पेटी प्रतीक्षाने ठेवावी किंवा शिशाच्या भावाने विकावी. माझी पत्नी पार्वताबाई, जी जन्मापासून बहिरी होती आणि चौदा वर्षांपूर्वी वारली, तिचे शिलाई मशीन रंजूला द्यावे. रंजू कोण ते पुढे येते.

कलम चौथे. आता पुढच्या खोलीबद्दल.

माझ्या कारध्याच्या घराची रस्त्याकडची खोली गेली एकतीस वर्षे आमच्या सभेची आहे. सभा म्हणजे दर रविवारी जमणारी आम्ही आठ-दहा बहिरी माणसे. त्याआधी आम्ही भंडाऱ्यात ऐकणाऱ्यांच्या ख्रिस्ती देवळात जात होतो. तिथे आम्हाला शेवटच्या बाकावर बसवत. पाळकबुवा प्रार्थनेला डोळे मिटायला सांगत आणि आम्ही मिटत असू. मग अर्धा तास आम्ही अंधारात, आणि डोळे कधी उघडायचे ते शेजारच्याने कोपराने ढोसल्यावर कळायचे. नागपूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत मला ख्रिस्ती विश्वासात आणणारे सुतारकामाचे मास्तर स्वतः बहिरे होते. ते सांगत, बहिऱ्याने डोळे मिटून प्रार्थना करायची नाही, डोळे मिटले की देवाचेही तोंड बंद आणि शेजाऱ्याचेही. म्हणून आमच्या खोलीत सगळे गोल बसतात, कोणाची पाठ कोणाकडे नसते आणि प्रार्थना उघड्या डोळ्यांनी होते. खोलीचा हा एकच नियम मी केला, आणि तो मीच मोडला. ते कलम सहामध्ये आहे.

कलम पाचवे. जीवन हा अड्याळजवळच्या एका ढिवर कुटुंबातला. घरचे तलावात मासे धरतात. तो जन्मापासून बहिरा. एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा त्याला फक्त घरच्या खुणा येत होत्या, भूक, जाळे, बाप, पाऊस अशा. मी त्याला हातांची भाषा शिकवली आणि अक्षरे खिळ्यांवरून शिकवली. खिळ्यावर अक्षर उलटे असते हे सांगायचे मी विसरलो. गडी दोन महिने सगळे उलटे लिहीत होता आणि मी त्याची बुद्धी काढत होतो. शेवटी पार्वताबाईने आरसा आणून माझ्यापुढे धरला.

मी त्याला बायबलचे वचन शिकवले. वधस्तंभ, उधळ्या मुलगा, वादळातली होडी, सगळे. पण खरे सांगायचे तर मी हातांनी बोलतो ते खिळे जुळवल्यासारखे, शब्दाला शब्द. जीवन होडीची गोष्ट सांगायचा तेव्हा खोलीत पाणी यायचे. तलावावर वाढलेला पोरगा, त्याला होडी कशी डुलते ते सांगावे लागत नव्हते. आमच्या सभेतली गिरजाबाई तर भिंतीला धरून बसायची. लोक माझ्याकडे बघत ते आदराने, आणि त्याच्याकडे बघत ते विसरून जाऊन. मला त्याचा अभिमान होता आणि त्याच्या दुप्पट जळफळाट होता. त्याचे लग्न मीच रंजूशी लावले, तीही सभेतलीच, बहिरी. माझ्यानंतर सभा त्याने चालवावी असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. मीसुद्धा.

कलम सहावे. हे कलम लिहायला मला सात वर्षे लागली आहेत.

सन २०१८ च्या डिसेंबरात साकोलीला बाहेरून एक प्रचारक आले. रोग्यांसाठी प्रार्थना होणार, आंधळे पाहतील, बहिरे ऐकतील, असे पत्रकावर छापले होते. मी सगळ्या सभेला घेऊन गेलो. जीवन येईना. तो म्हणाला, "मी बिमार नाही काका. देवानं मले असाच घडवला." मी त्याला अविश्वासी म्हणालो. ऐकू यावे ही ओढ त्याला कळणारच नव्हती, हे आज लिहिताना मला कळते. त्याचे काही हरवलेले नव्हते. माझे हरवले होते, आणि त्रेपन्न वर्षे मी ते शोधत होतो.

मला स्टेजवर उभे केले. लाकडी फळ्यांचे स्टेज, दोन्ही बाजूंना माझ्या उंचीचे साउंड बॉक्स. प्रचारक माझ्या मागे गेले आणि माईकमध्ये ओरडले असावेत. माझ्या तळपायांतून काहीतरी वर आले, पोटात घुमले, छातीत भरले. आवाज कसा असतो हे मी इतक्या वर्षांत पार विसरलो होतो. मला वाटले, हाच तो. मी हात वर केला, डोळ्यांतून पाणी आले आणि समोर हजार माणसे उभी राहिली. ही चूक मी मुद्दाम केली नाही. एवढेच एक वाक्य माझ्या बाजूचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी कपबशी आपटून पाहिली. दाराची कडी वाजवली. कानाशी टाळी वाजवली. काही नाही. सिमेंटच्या जमिनीत फळ्यांसारखे काही घुमतसुद्धा नव्हते. तेव्हाच मला समजले. त्या क्षणापासून पुढचे सगळे मुद्दाम केले आहे.

सभेत माझे कौतुक सुरू झाले. गिरजाबाईलाही साकोलीला हात ठेवून प्रार्थना मिळाली होती. ही गिरजाबाई कारध्याचीच, बाबुलाल ढिवराची बायको, जन्मापासून बहिरी, रस्त्याच्या कडेला बसून उकडलेले शिंगाडे विकायची. नवरा ऐकणारा. तो सभेत येत नसे, पण दर रविवारी तिला दारापर्यंत सोडून ओट्यावर बिडी ओढत बसे. गिरजाबाई रोज मला विचारायची, "आज किती आयकू आलं?" मी म्हणायचो, थोडे थोडे. ती म्हणायची, तिचेही उघडत आहेत, हळूहळू. मी मान हलवायचो.

दुसऱ्या रविवारी जीवनने माझ्या मागे जेवणाचे ताट पाडले. मी वळलो नाही. गोलातल्या सगळ्यांनी ते पाहिले, पण काय पाहिले ते त्यांना उमगले नाही. जीवन मध्ये उभा राहिला आणि सांगू लागला, "काकाचे पाय आयकून राहिले होते, कान नाही. आम्हाले ढोल असाच कळते. गिरजाकाकू, तू रस्ता पाहूनच..." एवढे मी पाहिले. मग मी हात जोडले आणि डोळे मिटले.

मी सभेचा वडील होतो. मी डोळे मिटले म्हणून सगळ्यांनी मिटले. ऐकणाऱ्यांना हे समजणार नाही म्हणून लिहितो. तुमच्यात एखाद्याचे बोलणे नको असेल तर तुम्ही त्याला ओरडून गप्प करता, तरी तो थोडा ऐकू येतोच. आमच्यात सगळ्यांनी डोळे मिटले की बोलणारा खोलीतून नाहीसा होतो. मी किती वेळ मिटून बसलो ते मला ठाऊक नाही. उघडले तेव्हा जीवन उभाच होता, हात खाली. गिरजाबाई शेवटी डोळे उघडणाऱ्यांत होती. ती फार मनापासून प्रार्थना करायची.

वीस डिसेंबरला दुपारी तिने शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन मोठा रस्ता ओलांडला. जन्मभर ती तीन वेळा वळून बघून ओलांडत असे. त्या दिवशी तिने बघितले नाही. रेतीचा टिप्पर होता. लोक म्हणाले ड्रायव्हर लांबून हॉर्न वाजवत होता. बाबुलाल मातीच्या वेळी माझ्यापुढे येऊन पुन्हा पुन्हा एकच बोलत होता आणि मी त्याचे ओठ वाचत होतो, "पायल्याबिगर कधी रस्ता पार करे नाही हे. का झालं होतं हिले?" मी त्याला माझा रुमाल दिला. 

पुढच्या रविवारी सभेत कोणीतरी म्हणाले की जीवनच्या अविश्वासामुळे खोलीवरची कृपा गेली. मी ते म्हणालो नाही. मी फक्त 'नाही' म्हणालो नाही. माणसांनी जीवनकडे बघणे बंद केले. तो बोलू लागला की कोणी छताकडे, कोणी चपलांकडे. फेब्रुवारीत तो रंजूला घेऊन साकोलीला गेला. तिथे तो गेट-ग्रिल करणाऱ्याकडे वेल्डिंग करतो. त्यानंतर सभा मीच चालवतो, आणि दर रविवारी सत्यावर बोलतो.

कलम सातवे. वरील कारणांसाठी पुढची खोली मी जीवन यास देतो. माझ्या मृत्यूनंतर हे मृत्युपत्र सभेपुढे वाचून दाखवावे, म्हणजे जीवन निर्दोष आहे हे सर्वांना कळेल.

इथपर्यंत दिनांक ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिले. पुढील मजकूर नंतरचा आहे.

कलम आठवे. वरचे कागद मी प्रतीक्षाला वाचायला दिले. तिने ते वाचून बाजूला ठेवले. मग तिने हातांनी विचारले, "मामा, सभेत वाचता कोनाले येते?" आठ जणांपैकी दोघांना. ते मला ठाऊक नव्हते असे नाही. तिने पुढे विचारले, "तुमी गेल्यावर मी हे हातानं सांगू? आन मंग ते कोनाकडं पाहतीन? माह्याकडं?"

मी तिच्यावर रागावलो. तिचा चहा परत पाठवला. पण रात्र गेली आणि तिचे म्हणणे गेले नाही. मी मेल्यावर खरे बोलणार होतो, म्हणजे पुन्हा डोळे मिटूनच बोलणार होतो, तेही कागदावर, जो त्यांना वाचता येत नाही. माणूस किती हुशारीने भित्रा असू शकतो याचा हा कागद नमुना आहे, म्हणून तो फाडलेला नाही.

रविवार दिनांक ९ नोव्हेंबरला मी सभेला सांगितले. प्रतीक्षाने आधी जीवनला मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून बोलावले होते. तो आणि रंजू आले, पण गोलात बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. बाबुलालला मी ओट्यावरून आत बोलावले. गिरजाबाई गेली तरी तो दर रविवारी येऊन तिथे बसतो, का ते मी त्याला कधी विचारले नाही. त्याच्यासाठी प्रतीक्षा माझे हात तोंडाने सांगत होती.

मी सगळे सांगितले. फळ्या, कपबशी, थोडे थोडे, ताट. उभे राहवेना म्हणून शेवटचे बसून सांगितले. कोणी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर बरे, असे मला वाटत होते. संपल्यावर बाबुलाल प्रतीक्षाकडे वळून बोलला, मी ओठ वाचले. "सात वरस मी त्या टिप्परवाल्याले शिव्या देऊन राहिलो. त्याच्या लेकराबाळाईले देल्ल्या." मग तो उठला आणि गेला. ओट्यावर बसला नाही. त्याला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, कारण माझ्याजवळ त्याला देता येईल असे काही नाही. त्याने मागितले तर प्रतीक्षाने काय हवे ते द्यावे.

सभेतल्या दोघांनी पुढच्या रविवारी येणार नाही असे सांगितले. बाकीचे आपापल्या चपला घालून गेले.

कलम नववे. आज वकीलसाहेब कागद घेऊन माझ्या घरी आले. एक साक्षीदार शेजारच्या कुंताबाई होत्या. दुसरा यायचा तो आला नाही. जीवन साकोलीहून आला होता, खोलीचे कागद समजून घ्यायला म्हणून प्रतीक्षाने बोलावलेला. तो म्हणाला, मी सही करतो. वकीलसाहेबांनी सांगितले की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला आणि त्याच्या बायकोला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. खोली जाईल, मशीनही जाईल. प्रतीक्षाने ते दोनदा नीट हातांनी सांगितले. मीही सांगितले.

रंजूने खांदे उडवले, "मशीन आहे माह्याकडं." जीवन माझ्याकडे बघत म्हणाला, "खोली नको मले. मी पायलं, तेवढं लिवा."

म्हणून कलम सात आणि कलम तीनमधील मशीनबद्दलचा मजकूर मी रद्द करतो. संपूर्ण घर आणि मशीन प्रतीक्षाचे. पुढची खोली, सभेतला एकही माणूस येत असेल तोवर, रविवारी उघडी ठेवावी. तिथे कोणी शिकवावे हे मी ठरवत नाही. तो अधिकार माझा राहिलेला नाही.

कलम दहावे. मी जीवनला आणखी एक मागितले. माझ्या मातीच्या वेळी खड्ड्याजवळ प्रार्थना त्याने करावी, त्याच्या हातांनी, होडीची गोष्ट सांगतो तशी.  तो म्हणाला, "येईन काका. उभा राहीन. पन हात खिशातच राहतीन."

ते त्याने प्रेमाने सांगितले की रागाने, हे मला ओळखता आले नाही, आणि मी विचारले नाही. मातीला जमलेल्यांनी त्याला हात बाहेर काढायला सांगू नये. ही माझी शेवटची इच्छा समजावी, आणि ती बाकी सगळ्या कलमांच्या वर धरावी.

हे सर्व मी वाचून, समजून, शुद्धीत असताना खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली, आणि त्या दोघांनी माझ्या डोळ्यांसमोर.

लिहून ठेवणार: खेमराज सोमाजी शेंडे (सही)

साक्षीदार:
१. कुंताबाई रामटेके, निवृत्त शिक्षिका, राहणार कारधा (सही)
२. जीवन मारबते, वेल्डर, राहणार साकोली (सही)

ठिकाण: कारधा, जिल्हा भंडारा
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार